पुढचं कुठलं, आक्का?

शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या तोंडाशी माझं भाड्यानं पुस्तकं द्यायचं दुकान होतं. पाटीवर 'वाचनालय' लिहिलेलं, पण लोक 'आक्कांचं दुकान'च म्हणायचे. १९८५ साली सुरू केलं, २०१९ च्या महापुरात गेलं. पुस्तकं गेली, रजिस्टरं राहिली, कारण ती माळ्यावर होती. कोणी काय नेलं, किती दिवसांनी आणून दिलं, त्यानंतर काय मागितलं, असा चौतीस वर्षांचा हिशेब त्यांत आहे. हे सदर मी त्या रजिस्टरांच्या भरवशावर लिहिते. समीक्षा माझा प्रांत नव्हे. या महिन्यात पत्रं बरीच आली, त्यातली आठ घेतलीत.

'मृत्युंजय', 'छावा', 'श्रीमान योगी' आणि 'स्वामी' वाचून झाली. आता कुणालाही विचारलं तर परत हीच चार नावं सांगतात. मी एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहिते, रात्री तासभर वाचायला मिळतो. ऐतिहासिकमध्ये पुढचं काय वाचू?
— इचलकरंजी

आधी 'ऐतिहासिकमध्ये' हा शब्द खोडा. मांडणीवरच्या 'ऐतिहासिक', 'सामाजिक', 'रहस्य' या पुठ्ठ्याच्या पाट्या मीच स्केचपेननं रंगवल्या होत्या, त्यामुळं त्यांची लायकी मला ठाऊक आहे. परत आलेलं पुस्तक कुठं खुपसायचं, एवढंच त्या सांगतात. 'मृत्युंजय' मी ऐतिहासिकमध्ये ठेवायची. ते महाभारतातलं आहे हे चौतीस वर्षांत एकानंही बोलून दाखवलं नाही. जाडी बाकीच्यांसारखीच होती, शोभून दिसायचं.

तुम्ही मला एवढं कळवायला हवं होतं, की या चारांतलं कुठलं पुस्तक जेवतानासुद्धा हातातनं सुटलं नाही, आणि कशापायी. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला ही नोंद अवघड नाही. ती येईपर्यंत माझे अंदाज घ्या.

'मृत्युंजय'नं धरलं असेल तर त्यात एक गंमत आहे ती बघा. कर्णाची कहाणी कर्ण एकटा सांगत नाही. कुंती सांगते, दुर्योधन सांगतो, वृषाली, शोण आणि कृष्णसुद्धा सांगतो. ज्याला त्याला आपली बाजू मांडू दिली आहे. तुम्हाला ते आवडलं असेल तर पुढचं पुस्तक 'ययाति'. वि. स. खांडेकरांनी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांना आळीपाळीनं बोलतं केलंय. पुस्तक १९५९ चं. मराठीला पहिलं ज्ञानपीठ, १९७४ चं, मिळवून देणारे खांडेकर आपल्या कोल्हापुरातच राहायचे. भाषा दागिन्यांनी मढलेली आहे, सुरुवातीची पानं जरा सोसावी लागतात. देवयानी चिडली की गाडी सुटते.

कर्णावरच जीव जडला असेल तर रणजित देसाईंचं 'राधेय' आहेच. देसाई कोवाडचे, 'मृत्युंजय'वाले शिवाजी सावंत आजऱ्याचे. चंदगड आणि आजरा, तालुके एकमेकांना लागून, आणि दोघांनाही कर्णानंच पछाडलं. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ खाऊन होतं का काय, माहीत नाही.

पण माझं ऐकाल तर दोन्ही कर्ण झाले की इरावती कर्व्यांचं 'युगान्त' उघडा. 'मृत्युंजय' आलं त्याच वर्षी, १९६७ ला, 'युगान्त'ही आलं. पुस्तक बारीक, किंमत कमी, आणि त्यातला कर्णावरचा लेख म्हणजे थंडीतली पहाटेची आंघोळ. उद्यमनगरात फाउंड्रीत मोल्डर असलेला माझा एक गिऱ्हाईक होता. त्यानं 'मृत्युंजय' चारदा नेलं होतं, रजिस्टरात चारही नोंदी आहेत. पाचव्यांदा मागायला आला तेव्हा मी मुद्दाम 'युगान्त' हातात ठेवलं. दोन दिवसांत परत. काउंटरवर आपटलंच म्हणा ना. "आक्का, ह्या बाईनं कर्णाला पार उघडा पाडलाय की वो!" त्यानंतर महिनाभर माणूस माझ्याशी धड बोलला नाही, नुसती मासिकं न्यायचा. मला वाटलं, चुकलं आपलं, चांगलं गिऱ्हाईक तोडलं. मग एका शनिवारी, बोटांवरची काळी रेती तशीच, येऊन हळूच म्हणाला, "त्या बाईंचं दुसरं काय हाय का?" त्याला 'परिपूर्ती' दिलं. ते मात्र त्यानं तीन आठवडे ठेवलं आणि दंड न कुरकुरता भरला.

'स्वामी'त माधवराव आणि रमेचा संसार आवडला असेल तर आणखी पेशवाई वाचू नका. पगड्या त्याच, वाडे तेच, कंटाळाल. त्यापेक्षा संसारच वाचा. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घ्या. रेव्हरंड टिळकांसारख्या लहरी माणसाबरोबर काढलेलं आयुष्य त्या बाईनं असं हसत सांगितलंय की आपल्या नवऱ्याचे गुण आठवायला लागतात. आणि लढाईच हवी असली तर विश्वास पाटलांचं 'पानिपत'. शेजारी नकाशा उघडून बसा, नाहीतर यमुनेच्या अलीकडं कोण आणि पलीकडं कोण याचा घोळ होतो. माझा झाला होता.

गेल्या अंकात आपण बाबा कदमांच्या कादंबऱ्या सुचवल्यात. मी ३१ वर्षं मराठी शिकवलं. असल्या लेखनाला साहित्य म्हणायचं का? लोकप्रिय म्हणजे चांगलं, असा संदेश आपण देत आहात.
— निवृत्त शिक्षक, राजारामपुरी

सर, तुम्ही नका म्हणू. माझ्या रजिस्टरात 'साहित्य' असा रकानाच नव्हता. पुस्तकाचं नाव, सभासद क्रमांक, दिलेली तारीख, आलेली तारीख आणि शेरा, एवढंच. शेऱ्यात बहुतेक वेळा 'पान फाटले' लिहिलेलं असायचं.

बाबा कदमांच्या नायिका एका साच्यातनं काढल्यासारख्या असतात, शेवट निम्म्यावर आल्यावर दिसायला लागतो, हे मलाही दिसतं. पण ते आपल्या कोल्हापूरचे, पेशानं वकील. कोर्टाची पायरी, गावाकडची इस्टेट आणि तिच्यावरून भावाभावांत लागणारी भांडणं त्यांनी डोळ्यांनी बघितलेली. इथल्या माणसाला ते वाचताना आपल्याच शेजारच्या घरातलं कळल्यासारखं वाटायचं. दुपारी धुणं-भांडी उरकून येणाऱ्या बाया एकेका खेपेला दोन-दोन न्यायच्या.

आता तुम्हाला एक दाखवते. भाड्याच्या दुकानातली पुस्तकं उघडून बघितली आहेत का कधी? एखाद्या पानाचा आकडा पेन्सिलीनं गोल केलेला सापडतो. ज्यांना नावं आठवत नाहीत, किंवा जी पुस्तकं एकसारखीच वाटतात, ती वाचलेली माणसं अशी खूण करून ठेवतात. प्रत्येकाचं पान ठरलेलं. पुस्तक न्यायच्या आधी ते पान उघडायचं, गोल असला तर ठेवून द्यायचं. कुणाचा सतरावर गोल, कुणाची पन्नासवर फुली. मी रागवायची, पण त्यांच्या खुणा मला पाठ झाल्या होत्या. कुंभार गल्लीतल्या एका आजींचं पान २१. चौथी शिकलेल्या. आकडा गोल करताना पेन्सिल इतकी दाबायच्या की मागच्या पानावर उठायचं.

बाबा कदम संपले तेव्हा आजी म्हणाल्या, "आता काय देतीस? वकिलाची सगळी झाली." मी पेंडश्यांचं 'गारंबीचा बापू' दिलं, जरा भीत भीतच. कोकणातलं आहे, बोली वेगळी, वाटलं परत येणार. नऊ दिवस ठेवलं. पुढं कधीतरी धूळ झटकताना पान २१ उघडून बघितलं, तर तिथं एकात एक असे दोन गोल. दुसऱ्यांदा कधी नेलं होतं, मला कळलंसुद्धा नव्हतं. त्या दिवशी काउंटरवर धाकटा बसला असेल.

हा संदेश आहे का, ते तुम्ही ठरवा. तुमच्या ३१ वर्षांत 'गारंबीचा बापू' दोनदा वाचलेले विद्यार्थी किती सापडले, हे मात्र कळवा. खरंच विचारते, टोमणा नाही.

मुलगा नववीत आहे. वाचत काहीच नाही, सारखा मोबाईलवर क्रिकेट आणि अंतराळाचे व्हिडिओ. मी एसटीत वाहक आहे, माझं स्वतःचं वाचन पेपरापुरतं. त्याला 'श्यामची आई' आणून दिलं, हात लावला नाही.
— कागल

दादा, 'श्यामची आई' देताना तुम्ही काय बोललात ते मला न सांगता कळतंय. "बघ, मुलं कशी असतात!" असं म्हणून दिलेलं पुस्तक कोण वाचेल? ते पुस्तक बिचारं फार मोलाचं आहे, पण आपण त्याचं औषध करून टाकलंय. राहू दे कपाटात, त्याचं तो काढेल.

पोरगं क्रिकेट आणि अंतराळ बघतंय म्हणता, मग तुमचं काम निम्मं झालंय. जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' आणा. त्यात 'उजव्या सोंडेचा गणपती' नावाची गोष्ट आहे, तिच्यात क्रिकेटही आहे आणि विज्ञानही. गणपतीचं काय, ते मी सांगत नाही. ती एकच गोष्ट वाच म्हणावं, बाकीच्यांचं नावही काढू नका.

आणि पुस्तक देताना त्याला हा किस्सा सांगा. नारळीकरांचा जन्म कोल्हापुरातला, १९ जुलै १९३८ चा. केंब्रिजला शिकले, जगभर नाव झालं. मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली तेव्हा त्यांनी गोष्ट पाठवली ती खोट्या नावानं: नारायण विनायक जगताप. जयंत विष्णु नारळीकर, म्हणजे ज, वि, ना. ते उलटं केलं की ना, वि, ज. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून गोष्ट बायकोकडून लिहून घेतली. नाव बघून बक्षीस नको होतं त्यांना. गोष्टीचं नाव 'कृष्णविवर', आणि पहिला नंबर आला. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा पेपरात सगळं छापून आलं होतं, तुम्ही तिकिटं फाडता फाडता वाचलंही असेल.

ते जमलं तर मग भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश. नववीच्या पोराला आधी लहान मुलांचं वाटेल, म्हणून ते तुम्हीच वाचायला घ्या. गाडी डेपोत लागली की सीटवर उताणं ठेवून चहाला जा.

वसतिगृहात आम्ही भीतीच्या आणि थरारक कादंबऱ्या वाचतो, पण सगळ्या इंग्रजीतून अनुवाद केलेल्या. मूळ मराठीत असं काही आहे का?
— शिवाजी विद्यापीठ परिसर

आहे की! बाबूराव अर्नाळकरांपासून सुरुवात केली तर डिग्री हातात पडेपर्यंत पुरेल. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. काळा पहाड, झुंजार, ही त्यांची माणसं. आज वाचताना हसू येतं, पण वेग बघा.

भीतीसाठी नारायण धारप. त्यांचा 'समर्थ' संकटात सापडलेल्यांना सोडवायला येतो. मला मात्र ज्यात समर्थ नाही ती पुस्तकं जास्त भिववतात, कारण सोडवायला कोणी येणारच नाही हे आधीच ठाऊक असतं. 'लुचाई' रात्री वाचू नका, पण तिचा गाभा स्टीफन किंगच्या इंग्रजी 'सेलम्स लॉट'वरून घेतलाय, हेही सांगून ठेवते. रत्नाकर मतकरींचा 'खेकडा' हा गूढकथांचा संग्रह आहे. धारपांकडं भीती बाहेरून दाराशी येते, मतकरींकडं ती घरातच जेवायला बसलेली असते.

आणि एक धोक्याची सूचना. जी. ए. कुलकर्णी. मुळचे बेळगावचे, धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. माझ्याकडं 'काजळमाया' रहस्यकथांच्या मांडणीत चुकून गेलं होतं, नावावरून. ते नेणारे निम्मे चौथ्या दिवशी परत करायचे, "आक्का, खून कुठंय ह्यात?" म्हणून. उरलेले निम्मे परत यायचेच नाहीत. पुस्तकासकट. मी चूक कळूनही ते तिथनं हलवलं नाही.

मी गडहिंग्लजची, नोकरीला पुण्यात. ऑफिसात 'मी येतो' म्हणाले तर सगळे हसतात. आपल्या भागातलं, आपल्या बोलीतलं काय वाचू?
— सध्या पुणे

हसू देत बाई. आपल्याकडं बाया 'मी येतो, मी जातो'च म्हणतात, मी पण घरात तसंच बोलते. इथं लिहिताना साळसूद होते, कारण एकदा एका मासिकानं माझ्या लेखातलं 'जातो' सरसकट 'जाते' केलं होतं. आणि ते करताना माझ्या सासऱ्यांच्या तोंडचंसुद्धा 'जाते' करून टाकलं. गावभर हसं झालं.

तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. आपला जिल्हा या बाबतीत श्रीमंत आहे. सुरुवात शंकर पाटलांपासून करा. पट्टणकोडोलीचे. 'वळीव' आणि 'धिंड' हे कथासंग्रह आधी, 'टारफुला' ही कादंबरी नंतर. 'धिंड' ऑफिसच्या बसमध्ये वाचू नका, एकटीच हसताना लोक बघतात. पण ह्यांचं हसवणं फसवं आहे. गोष्ट संपल्यावर, दोन स्टॉप गेल्यावर, वाईट वाटायला लागतं.

मग आनंद यादव, कागलचे. 'झोंबी' १९८७ ला आलं, १९९० ला साहित्य अकादमी मिळालं. शाळा शिकायची म्हणून बापाशी, गरिबीशी झोंबणाऱ्या पोराची ही खरी कहाणी, पुढं 'नांगरणी', 'घरभिंती' आणि 'काचवेल' अशी चार पुस्तकांची झाली. 'गोतावळा' मला जास्त भावतं. मळ्यावरचा गडी आणि त्याची जनावरं, आणि मग ट्रॅक्टर येतो. सबंध कादंबरी तो गडी आपल्या तोंडानं सांगतो, आपल्याकडच्या बोलीत. पुण्यातली एक बाई माझ्याकडून हे घेऊन गेली होती, चाळीस पानांवर थांबली, शब्द अडले म्हणाली. तुम्हाला अडणार नाहीत. अडले तर आईला फोन करा, तेवढंच बोलणं होईल.

राजन गवस तर तुमच्याच पट्ट्यातले. 'चौंडकं', 'भंडारभोग' वाचा. यल्लमाला सोडलेल्या बाया-बाप्यांचं जगणं त्यात आहे. लहानपणी दारात जोगतीण आली की आपण पसाभर जोंधळे घालून दार लावून घेत होतो, ते दार हा माणूस उघडतो. त्यांच्या 'तणकट'ला २००१ चा अकादमी पुरस्कार आहे.

आणि हे सगळं जुनंच आहे असं समजू नका. किरण गुरव यांच्या 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'ला २०२१ चा, कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा साहित्य अकादमी मिळाला. दोघेही कोल्हापूर जिल्ह्यातले. 'रिंगाण'मध्ये धरणापायी उठलेलं गाव आहे आणि मागं राहून गेलेली एक म्हैस. एवढ्यावर कादंबरी उभी केली आहे. जनावर रानात राहिलं की त्याचं काय होतं, हे मी माझ्या वडिलांकडून ऐकलं होतं, तरी वाचताना अंगावर काटा आला. खोतांचं 'झड-झिंबड' पावसाळ्यासाठी ठेवा. पन्हाळ्याच्या बाजूचा पाऊस, पुण्यातला नव्हे.

बेळगावकडचं कानडी वळण तुमच्या कानाला ओळखीचं असणार, म्हणून शेवटी प्रकाश नारायण संत. 'वनवास'पासून धरा. लंपन नावाचा मुलगा आहे, आजी-आजोबांकडं राहणारा. हे मी कुणालाही समजावून सांगू शकलेले नाही, नुसतं हातात देते.

महिन्याला ३०० रुपयांच्या वर पुस्तकांवर खर्च करता येत नाही. दुकानात गेलं की 'अठरावी आवृत्ती', 'बेस्टसेलर' असं वाचून घेते आणि फसते. नवे लेखक कसे शोधायचे?
— जयसिंगपूर

आवृत्तीच्या आकड्यावर जाऊ नका. मराठीत एक आवृत्ती म्हणजे हजार-अकराशे प्रती असा पूर्वीचा साधारण रिवाज. आता छपाईचं तंत्र बदललंय, तीनशे-पाचशे प्रतींची आवृत्तीही निघते. म्हणजे अठरावी आवृत्ती असलेलं पुस्तक सहावीवाल्यापेक्षा कमी खपलेलं असू शकतं. त्यापेक्षा शीर्षकाच्या मागचं पान उघडा आणि पहिल्या आवृत्तीचं साल बघा. चाळीस वर्षांमागचं पुस्तक आजही छापावं लागतंय, तर काहीतरी असेल त्यात.

मलपृष्ठ वाचूच नका. ते लेखकाच्या मित्रानं लिहिलेलं असतं. पहिलं पानही नको, ते सगळेच घासूनपुसून लिहितात. मधलं पान काढायचं आणि उभ्या उभ्या दोन पानं वाचायची. दुकानदार बघत असला तर बघू दे.

आणि नवे लेखक शोधायची मराठी माणसाची खास जागा म्हणजे दिवाळी अंक. का. र. मित्रांनी १९०९ ला 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही चाल आहे. एका अंकात दहा-पंधरा कथा-लेख, म्हणजे दहा-पंधरा लेखक एका ताटात. चटणीसारखं प्रत्येकाचं चाखायचं. जो आवडला त्याचं नाव वहीत लिहायचं आणि मग त्याचं पुस्तक मागायचं. विकत घ्यायची गरज नाही, बहुतेक सार्वजनिक वाचनालयं दिवाळीनंतर ठराविक पैशांत सगळे अंक वाचायची योजना काढतात. आपल्या कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, तुमच्या गावातही एखादं अ नाही तर ब वर्गाचं ग्रंथालय असणार. वर्गणी तुमच्या ३०० रुपयांत बसून भडंगाला पैसे उरतील.

दिवाळी अंक म्हटलं की मला पूर आठवतो. पाणी उतरल्यावर शटर वर केलं, तर पुस्तकं फुगून मांडणीत अशी ठासून बसली होती की एकही ओढून निघेना, शेवटी फळ्या फोडल्या. साध्या कागदाची पुस्तकं पंख्याखाली थोडी तरी उघडली. दिवाळी अंकांच्या गुळगुळीत कागदाच्या मात्र विटा झाल्या होत्या. पंचवीस वर्षांचे अंक, चाकूनंही पान सुटत नव्हतं. ट्रॉलीत भरताना महापालिकेचा माणूस म्हणाला, "आक्का, घर बांधताय का?" हसले मी, काय करणार.

आई ७८ वर्षांची, मोतीबिंदूमुळं वाचता येत नाही. मोबाईलवर पुस्तकं ऐकवली तर चालेल का? ते वाचन होतं का?
— गंगावेस

शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथा सांगायला जायचे तेव्हा मैदानं भरायची. हे वाचन आहे का, असं तिथं कुणी विचारलं नाही. माडगूळकरांचं 'बनगरवाडी' लावा, आवाज जरा मोठा ठेवा. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन करून टाका.

रद्दीवाल्याकडं एक कादंबरी मिळाली, आत तुमच्या वाचनालयाचा शिक्का आहे. शेवटची तारीख जून १९९९. परत आणून देऊ का?
— मंगळवार पेठ

दंड रोजचा २५ पैसे होता. हिशेबाला बसले तर दोन हजारांच्या वर जातो, तेव्हा पुस्तक तुम्हीच ठेवा आणि मी बघितलं नाही असं समजा. पुरात गेलं नाही म्हणजे कुणीतरी वेळेवर ढापलं, त्याचं भलं होवो.

पण तुम्ही कादंबरीचं नाव लिहिलेलं नाही. तेवढं कळवा. आणि पान २१ उघडून बघा. गोल असला, तर मागच्या पानावर हात फिरवून तो उठलाय का तेही लिहा.